दोन्हीकडून काढलेली माणसं

हर्षदाच्या राजीनाम्याचा महिना संपत आला होता आणि त्याच आठवड्यात उधन्याजवळ रस्ता खोदताना कुणाच्या तरी जेसीबीनं मिल आणि ऑफिस जोडणारी केबल तोडली.

मिल सुरतेजवळ सचिन गावी, जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत. कापड रंगवायची, छापायची. ऑफिस रिंग रोडला, कापड मार्केटातल्या एका इमारतीत वरच्या मजल्यावर. मालक दोन सख्खे भाऊ. थोरले हसमुखभाई ऑफिसात बसून व्यापारी सांभाळायचे, धाकटे प्रफुलभाई मिल. वडील होते तोवर दोघं एका ताटात जेवायचे म्हणे. वडील गेले आणि वाटणीचा विषय निघाला, मग ताटं वेगळी झाली, मग बोलणं तुटलं. एकमेकांना काही सांगायचं झालं तर ते मुनीमजींच्या तोंडून, आणि अलीकडे हर्षदाच्या.

हर्षदा दोन्ही जागचे कॉम्प्युटर सांभाळायची. तिचे वडील वाल्मिक त्याच मिलमध्ये स्टेंटरवर होते. ओलं कापड ताणून, तापवून वाळवणारं ते लांबलचक मशीन. त्याच्या तोंडाशी उभं राहण्यात त्यांची उमर गेली. पारोळ्याकडून सुरतला आले तेव्हा हर्षदा जन्मलीही नव्हती. तीच पोर कॉलेज शिकून त्याच मिलच्या ऑफिसात एसीत बसायला लागली, ह्याचं त्यांना एवढं अप्रूप, की भेस्तानला त्यांच्या गल्लीत कुणी नवं राहायला आलं तर पहिल्या दोन वाक्यांत त्याला ते कळायचं.

तिला पुण्यात नोकरी मिळाली होती. मोठी कंपनी, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. आई मालतीबाईंनी शेजारणीला सांगूनही टाकलं होतं. वाल्मिक मात्र त्यावर फारसे बोलले नव्हते. पुण्याला पाणी चांगलं आहे म्हणतात, एवढंच एकदा म्हणाले होते.

तिच्या कामातली सगळ्यात नाजूक गोष्ट म्हणजे डिरेक्टरी, कॉम्प्युटरवरची नावांची यादी. मिलमध्ये कोण कोण कामाला आहे, कुणाचा पासवर्ड चालतो, कुणाच्या कार्डानं कोणतं दार उघडतं, हे सगळं त्या यादीत. तिच्या दोन प्रती होत्या, एक ऑफिसच्या सर्व्हरवर, एक सचिनच्या. इकडे काही बदललं की थोड्या वेळात ते तिकडे पोचायचं. मधली लाइन तुटली तरी काम अडत नसे, दोन्ही सर्व्हर आपापल्यापुरते चालत राहायचे. खरी परीक्षा असायची ती लाइन परत आल्यावर. मधल्या काळात आपण काय काय बदललं ते दोघं एकमेकांना सांगायचे, आणि एकाच माणसाबद्दल दोघांचं वेगळं निघालं तर नंतरचा बदल टिकायचा. काढून टाकलेल्या नावाचं मात्र तसं नव्हतं. एका बाजूनं नाव काढलं, की जोडणी झाल्यावर ते दोन्हीकडून जायचं.

एक पर्यायी लाइन होती, पण ती भावांच्या वादात कधीच बंद पडली होती. त्यामुळे ह्या वेळी केबल तुटली ती तुटलीच. जोडणारे लोक आज करू, उद्या करू म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी हसमुखभाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. इथं केलेलं आता सचिनला दिसत नाही, हे खरं का, असं त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली; लाइन येईपर्यंत नाही दिसणार. आणि लाइन आल्यावर? आल्यावर आपोआप तिकडे जाईल.

ते खुर्चीतून उठून तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि एकेक नाव सांगू लागले. सचिनचे मॅनेजर. रंगाचे मास्तर. बॉयलरवाला. स्टेंटरचा सुपरवायझर भटू. आणखी कितीतरी, सगळी धाकट्या भावाच्या विश्वासातली. ह्यांची नावं काढायची. लाइन आली की ते गेटवरच अडतील, आणि प्रफुलला कळेपर्यंत त्यांच्या जागी आपली माणसं बसलेली असतील.

हर्षदा चाचरत म्हणाली की एवढ्या लोकांना काढायचं तर काही कागद, दोन्ही मालकांची सही असं काही लागतं. हसमुखभाई रागावले नाहीत. मालकानं सांगितलं आणि तू केलंस, ह्यात तुझा काय दोष, असं त्यांनी तिला समजावलं. मग म्हणाले, "तुझ्या पप्पांचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. हे आपल्या दोघांतच राहू दे."

तिनं नावं काढली. तिचा राजीनामा त्यांच्याच टेबलावर, काचेच्या पेपरवेटखाली पडला होता, आणि त्यावर अजून सही नव्हती. बाहेर पडताना तिच्या तोंडून "थँक यू, सर" निघून गेलं. आपण ते का म्हणालो, हे तिला जिना उतरताना कळेना.

त्यानंतर एक दिवस सोडून ती सचिनला गेली. लाइन जोडली की दोन्ही बाजू नीट जुळल्या का हे बघायला तिला तिथं असावं लागणार होतं. गेटबाहेर झाडाखाली मगन उभा होता. तो डिस्पॅचचा कारकून, तयार माल ऑफिसकडे पाठवणारा, हसमुखभाईंनी लावलेला माणूस. हातात डबा तसाच. कार्ड कालपासून चालत नाही, म्हणाला, वॉचमन ऐकत नाही, वरून सांगतील तेव्हा सोडू म्हणतो. ताई, तुम्ही आत जाताय तर एवढं नवं कार्ड करून द्या.

हर्षदानं त्याचं कार्ड हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. कार्डात काही बिघाड नव्हता. ते तिला बघताक्षणीच कळलं. बघते, असं म्हणून ती आत गेली.

सचिनच्या सर्व्हरची खोली तळमजल्यावर होती. काचेचं दार, एसी, खिडकी नाही. तिथं आनंदा बसायचा. परभणीकडचा, कामाला चोख, पण कुणी दरडावलं की लगेच हो म्हणणारा. हर्षदानं त्याला दाराआड घेऊन विचारलं. त्यानं आढेवेढे घेतले आणि मग सगळं सांगितलं. परवा प्रफुलशेठ स्वतः येऊन बसले होते. त्यांनी नावं सांगितली, ह्यानं काढली. डिस्पॅच, हिशेब, माल तपासणारे, थोरल्या शेठची सगळी माणसं. लाइन आली की ती ऑफिसातूनही आपोआप जातील ना, हे शेठनं दोनदा विचारून घेतलं होतं. आणि हर्षदाताईंना सांगायचं नाही, असंही बजावलं होतं.

"ताई, मी काय करणार होतो?" आनंदा म्हणाला.

तिला त्याच्यावर रागावता येईना. ती खुर्चीवर बसली. दोन्ही भावांनी एकच युक्ती केली होती आणि दोघंही लाइन येण्याची वाट बघत होते. जोडणी झाली की ह्यांनी काढलेली माणसं तिकडून जातील, त्यांनी काढलेली इकडून. एकाचा डाव दुसऱ्याला खोडणार नव्हता, दोन्ही डाव पुरे होणार होते. बॉयलर पेटवणारा बाहेर आणि माल पाठवणाराही बाहेर. उद्या सकाळच्या पाळीला ही सगळी माणसं गेटपाशी डबे घेऊन उभी राहतील, मगनसारखी, आणि आपलं कार्ड पुसून पुसून पुन्हा लावतील.

हे सगळं ठाऊक असलेलं माणूस फक्त ती होती, आणि ते बाहेर न फोडण्याची ताकीद होती. दोन्हीकडून.

तिनं उठून सर्व्हरमागची निळी केबल उपसली, लाइनच्या बाजूला जाणारी. मी सांगेपर्यंत लावायची नाही, असं आनंदाला सांगितलं. त्यानंतर थोड्याच वेळात लाइनवाल्यांचा फोन आला, जोडलं म्हणून. कोपऱ्यातल्या, लाइनच्या यंत्रावर हिरवा दिवा लागला. हर्षदा त्याच्याकडे बघत राहिली आणि तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

पण लाइनवाल्यांनी ऑफिसातही कळवलं होतं आणि मिलमध्येही. आधी हसमुखभाईंचा फोन आला, झालं का म्हणून. ती म्हणाली, तपासतेय. पाठोपाठ प्रफुलभाई स्वतः आले.

धाकटे शेठ आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी खुर्ची ओढली, आनंदाला चहा सांगायला पाठवलं, लोंबकळणाऱ्या केबलकडे एक नजर टाकली.

"चा पियो, बेन," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतून स्वतः आधी प्यायले.

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की ऑफिसच्या सर्व्हरवर जे काही असेल ते पुसून टाकायचं आणि सचिनची प्रत तिकडे भरायची, सगळीच्या सगळी. म्हणजे मोटाभाईंनी काही उद्योग केला असेल तर तोही जाईल. त्यांना संशय होताच. हर्षदा म्हणाली, ह्याला हसमुखभाईंना विचारावं लागेल. ते हसले. घाई नाही, म्हणाले, विचार कर, इथंच बस, जेवण घरून मागवतो.

ते गेल्यावर ती गेटकडे निघाली. मगनला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, आणि हसमुखभाईंनी तिला आणायला गाडीही पाठवली होती. गाडी बाहेर येऊन उभी असल्याचा ड्रायव्हरचा फोन आला होता. गेटच्या मशीनला तिनं कार्ड लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल. वॉचमन ओळखीचा होता, तो तिच्याकडे बघेना. शेठनी सांगितलंय, काम झालं की सोडा, एवढंच तो म्हणाला, आणि उन्हात उभ्या राहू नका, असंही.

सळयांपलीकडे गाडी दिसत होती. झाडाखालून मगननं हात वर केला. तिनं मान हलवली, हो की नाही ते तिलाही माहीत नव्हतं, आणि ती परत फिरली.

आत आनंदा खाली मान घालून बसला होता. तिचं कार्ड त्यानंच बंद केलं होतं.

दुपार त्या खोलीत गेली. शेठच्या घरून डबा आला, रोटली, शाक, ताक, वर लोणच्याची वाटी. पाहुण्याला वाढावं तसं कुणीतरी मांडून गेलं. तिनं ताक घेतलं, बाकी तसंच ठेवलं. हसमुखभाईंचे फोन येत राहिले. आधी त्यांनी चौकशी केली, मग समजावलं, मग विचारलं की तू नक्की कुणाकडची आहेस. निघते, सर, असं ती प्रत्येक वेळी म्हणाली. निघता येत नाही हे सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं.

सुटायचे रस्ते तिनं मनात पुन्हा पुन्हा चालून पाहिले. सचिनची प्रत खरी धरली तर मगन आणि त्याच्याबरोबरचे गेले. ऑफिसची धरली तर भटू आणि बॉयलरवाला गेले. नुसतं जोडलं तर सगळेच. केबल तुटण्याच्या आदल्या दिवसाची प्रत तिच्याकडे जपून ठेवलेली होती. ती दोन्हीकडे भरली तर सगळे परत आपापल्या जागी आले असते. पण तसं केलं तर दोन्ही शेठांनी दिलेला हुकूम एकाच वेळी मोडल्यासारखं होणार, आणि संध्याकाळी ह्याच मिलमधून हात पुसत तिचे वडील बाहेर पडणार होते.

पाळी सुटायच्या सुमारास प्रफुलभाई वाल्मिकना घेऊन आले.

वाल्मिक ह्या खोलीत आधी कधी आले नव्हते. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. स्टेंटरच्या धगीतून थेट एसीत आल्यानं त्यांच्या अंगावर काटा आलेला दिसत होता. शेठनी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. तुमच्या पोरीला जरा समजवा, असं म्हणून शेठ बाहेर गेले.

वाल्मिक तिच्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, शेठ जे सांगस ते करी टाक. आपले आठेच ऱ्हानं शे." इथंच राहायचंय, हे त्यांनी जणू स्वतःलाही सांगितलं.

हर्षदानं त्यांना समजावून सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत, कोण जाईल, का जाईल. भटूचं नाव आलं तेव्हा ते दचकले. भटूच्या आणि त्यांच्या डब्यातली भाजी रोज अर्धी अर्धी व्हायची. मग करूच नको काही, असं ते म्हणाले. मग म्हणाले, पण शेठ सोडतील कसे. त्यांना काही सुचत नव्हतं, आणि न सुचल्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. बापाला असं उभं बघणं तिला सगळ्या दिवसापेक्षा जड गेलं.

शेठ परत आले. दोघांकडे बघून त्यांना वाटलं असावं की काम होत आलंय, म्हणून ते मोकळेपणानं बोलले. पुण्याचीही काळजी करू नकोस, म्हणाले. वाल्मिकभाईंनी मला आधीच सगळं सांगितलंय. पोर लांब जाऊ नये ही त्यांचीच इच्छा आहे. तुला इथंच वरची जागा करून देतो.

हर्षदानं वडिलांकडे पाहिलं. वाल्मिक दाराबाहेरच्या चपलांकडे बघत होते.

तिला रडू आलं नाही. आपल्याला सोडून सगळ्यांनी आपलं ठरवून ठेवलंय, एवढंच तिच्या मनात आलं. एकानं रिंग रोडला, एकानं सचिनला आणि एकानं घरी. दिवसभर ती ज्यांना जपत होती, पप्पांना काही होऊ नये म्हणून, तेही त्या ठरवणाऱ्यांतच होते.

तेवढ्यात हसमुखभाईंचा फोन वाजला. तिनं तो उचलला, स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला.

"सर, मी सचिनला आहे. प्रफुलभाई समोर बसलेत. लाइन सकाळीच आली, मी जोडली नाही." तिचा आवाज बारीक झाला होता, पण ती थांबली नाही. "तुम्ही तिकडून ह्यांची माणसं काढायला लावलीत. ह्यांनी इकडून तुमची काढली. मी जोडलं तर दोन्हीकडची जातील. उद्या बॉयलर पेटवायला माणूस नसेल आणि माल पाठवायलाही. कुणाचं ऐकू ते दोघं मिळून सांगा."

आनंदा कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसला होता.

"तें मारा माणसो काढ्या?" फोनमधून हसमुखभाई म्हणाले.

"अने तमे?" प्रफुलभाई म्हणाले.

मग ते बोलायला लागले. कित्येक महिन्यांत एकमेकांशी पहिल्यांदा. सुरुवात माणसांपासून झाली आणि मग वडिलांच्या आजारपणात कोण बसलं होतं, फ्लॅट कुणाच्या नावावर झाला, कुणाच्या बायकोनं लग्नात काय म्हटलं, सगळं निघालं. वाल्मिक भिंतीला टेकून उभे होते. निघून जावं की थांबावं हे त्यांना कळत नव्हतं. मध्ये एकदा हर्षदानं आदल्या दिवसाच्या प्रतीचं सांगितलं. सगळं केबल तुटायच्या आधीसारखं करता येईल, एका तासाचं काम आहे. दोघंही थबकले आणि दोघांनीही नाही म्हटलं. काढलेल्या माणसाला परत घ्यायचं म्हणजे आपण चुकलो असं गावभर होणार, आणि तेही भावानं सांगितलं म्हणून नव्हे, एका कॉम्प्युटरवाल्या पोरीनं सांगितलं म्हणून.

शेवटी ठरलं ते असं. जोडायचंच नाही. दोन सर्व्हर दोन घरांसारखे वेगळे राहतील. मगनसारख्यांना ऑफिसात बसवायचं, मॅनेजर आणि बाकीचे मिलमध्ये राहतील. आणि इकडचं तिकडे जे न्यावंच लागेल, नवा कामगार, बदललेला पासवर्ड, ते हर्षदा दोघांना विचारून हातानं नेईल.

"पण ती असली तर," हसमुखभाई म्हणाले.

"ती आहे," प्रफुलभाई म्हणाले.

हर्षदा म्हणाली की तिचा महिना ह्याच आठवड्यात संपतोय. हसमुखभाईंनी अगदी मायेनं सांगितलं की तो कागद त्यांच्या टेबलावर आहे, त्यावर सही झालेली नाही, आणि व्हायची नाही. दोघांचाही विश्वास असलेलं माणूस एकच उरलंय, आता तू गेलीस तर कसं होईल. धाकट्या शेठनी मान डोलावली. भावांचं इतक्या दिवसांनी एका गोष्टीवर एकमत झालं होतं.

तिचं कार्ड लगेच सुरू करून देण्यात आलं. गेटवर हिरवा दिवा लागला, वॉचमननं दार ढकलून धरलं. मगन केव्हाच निघून गेला होता, थोरल्या शेठची गाडीही.

बापलेक रिक्षास्टँडकडे चालत निघाले. रस्त्याच्या कडेच्या गटारात त्या दिवशीच्या रंगाचं पाणी वाहत होतं, जांभळट.

"मीच सांगं व्हतं शेठले," वाल्मिक म्हणाले. "तुले जाऊ देऊ नका म्हनीसन."

का, असं तिनं विचारलं.

"तू गयी म्हंजे घर खावाले उठी."

"मला विचारायचं होतं ना, पप्पा."

"इचारं असतं तर तू गयी असती," ते म्हणाले.

ते खरं होतं. घरी मालतीबाईंनी ताटं वाढली.

पुण्याच्या कंपनीनं थोडे दिवस वाट पाहिली आणि मग ती जागा दुसऱ्याला दिल्याचं कळवलं. हर्षदा सकाळी ऑफिसात, दुपारी सचिनला असं करू लागली. इकडचं एकेक तिकडे टाकायचं, त्याआधी दोघांना विचारायचं. थोरले हो म्हणायचे तर धाकटे उद्या सांगतो म्हणायचे. ती सचिनला गेली की हसमुखभाई विचारायचे, तिकडे काय चाललंय. परत आली की प्रफुलभाईंचा फोन, मोटाभाईंनी काय विचारलं. दोघांचाही तिच्यावर विश्वास होता आणि दोघांनाही ती दुसऱ्याची वाटत होती. घडी घालायच्या खात्यात जयश्री नावाची एक बाई नव्यानं लागली. तिचं नाव ऑफिसकडे न्यायचं राहून गेलं. ती बाळंतपणाच्या रजेसाठी अर्ज करायला गेली तर ऑफिसात सांगितलं की अशी कुणी बाई आपल्याकडे कामालाच नाही. पोटुशी बाई तीन मजले चढून उतरली. त्या दिवसापासून हर्षदा जेवताना फोन ताटाशेजारी उलटा घालून ठेवायची, आणि तरी तो थरथरला की तिचा घास थांबायचा.

हे वाल्मिक रोज बघत होते. एका सकाळी ते पाळीला जायच्या आधी, कुणाला न सांगता, प्रफुलशेठच्या केबिनबाहेर जाऊन बसले. माझं चुकलं, म्हणाले, मी सांगायला नको होतं. पोरीला जाऊ द्या. शेठनी ऐकून घेतलं, चहा पाजला, बघू म्हणाले. पुढच्या आठवड्यात वाल्मिकना स्टेंटरवरून काढून कोऱ्या कापडाच्या गोडाऊनला टाकलं. गाठी मोजायच्या, उतरवून घ्यायच्या. जे काम नवी पोरं करतात.

त्यांनी ते घरी स्वतःच सांगितलं, जेवताना, भाकरी मोडत. मालतीबाई बोलत राहिल्या, एवढ्या वर्षांच्या माणसाला असं करतात का म्हणून. वाल्मिक हर्षदाकडे वळले. "आते तू कसाले थांबस?" ते म्हणाले.

ती थांबली नाही. आनंदाला आणि ऑफिसातल्या एकाला तिनं सगळं काम शिकवलं, एकमेकांना फोन करायला लावलं. दोन्ही शेठांना एकच मजकूर एकाच वेळी पाठवला, की अमुक दिवसापासून येणार नाही. दोघांनीही उत्तर दिलं नाही. राजीनाम्यावर सही शेवटपर्यंत झाली नाही, आणि तो कागद नसल्यामुळे मोठ्या कंपन्यांनी तिला दारात उभं केलं नाही. नाशिकला एका छोट्या कारखान्यात काम मिळालं, पगार सुरतेपेक्षा कमी. ती गेली.

पहिल्या रविवारी वाल्मिकचा फोन आला. ते फोनवर कधी फार बोलत नसत. त्या दिवशी बोलले. गल्लीत पाइपलाइन खोदलीय, भटूच्या पोराचं लग्न ठरतंय, तुझी आई दोन भाकरी जास्तच थापते अजून. मग म्हणाले की गोडाऊनमध्ये बरं आहे, तिथं गरम होत नाही, स्टेंटरवर जीव नकोसा व्हायचा. खरंच तसं होतं की तिच्यासाठी म्हणत होते, ते तिला फोनवर ओळखता आलं नाही. बरं झालं मग, ती म्हणाली, आणि दोघांनीही फोन ठेवला नाही.